पाहुणं पान आणि खेळाचा पट: आउलबेअर रोडिओमध्ये जावास्क्रिप्टने कसं बोलायचं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे. पडद्यावर दाखवलेला कोड इथे वाक्यांत सांगितला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकायला जरा आडवळणाचा वाटेल. टेबलावर बसून खेळायचे भूमिकेचे खेळ आता ब्राउझरमध्ये खेळले जातात. अशा एका ॲपच्या आत आपलं स्वतःचं छोटं वेब पान बसवायचं आणि त्या पानातून जावास्क्रिप्टने ॲपशी बोलायचं, हे आज बघू. ज्यांना थोडंफार जावास्क्रिप्ट येतं, पण दुसऱ्याच्या घरात आपला कोड चालवायची वेळ अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी हे व्याख्यान आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि हा प्रकार रुजला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात, फासे टाकतात. आउलबेअर रोडिओ हे अशा खेळासाठीचं ब्राउझरमधलं टेबल आहे. त्यावर नकाशा पसरायचा, पात्रांची टोकनं ठेवायची आणि जो तो आपापल्या घरून ती हलवतो. ‘आउलबेअर’ हा त्याच खेळातला अर्धा घुबड आणि अर्धा अस्वल असलेला राक्षस. ‘रोडिओ’ हे तर त्या वेबसाइटच्या पत्त्याचं शेपूट आहे.

आधी आमची फजिती

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आम्ही चौघं आठवड्यातून एकदा खेळतो. दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक परदेशात. दर लढाईत राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे त्याची उरलेली ताकद, कागदावर वजा करत बसायचा कंटाळा आला, म्हणून आम्ही एक एक्स्टेन्शन लिहिलं. खेळाडूने ‘मारलं’ बटण दाबायचं, आकडा टाकायचा, राक्षसाच्या टोकनवरचा आकडा आपोआप कमी होणार.

एकट्याने तपासलं तेव्हा सगळं बरोबर चाललं. शनिवारी खेळायला बसलो. समोर ऑगर, हिट पॉइंट ५९. पहिला घाव १३ चा. उरायला हवे होते ४६. टोकनवर दिसले ३३. सगळ्यांना वाटलं, बटण दोनदा दाबलं गेलं असेल. दुसरा घाव ९ चा. ३३ मधून ९ गेले की २४ राहतात. दिसले ६. आता मात्र वातावरण बदललं. जो बटण दाबत होता त्याला दोघांनी विचारलं, ‘अरे, तू नक्की काय करतोयस?’ तो शपथेवर सांगत होता की मी एकदाच दाबलं. कोणी स्पष्ट बोललं नाही, पण तो काहीतरी लबाडी करतोय असंच सगळ्यांच्या मनात होतं.

तो खरंच बोलत होता. गडबड आमच्या कोडमध्ये होती. ती समजून घ्यायची तर आपलं पान त्या ॲपमध्ये नेमकं कुठे राहतं, हे आधी कळायला हवं.

वाड्यातला भाडेकरू

आउलबेअरचं एक्स्टेन्शन म्हणजे एक साधी वेबसाइट असते. ती तुमच्या पत्त्यावर राहते, तुमच्या सर्व्हरवरून येते आणि आउलबेअरच्या पानात आयफ्रेम नावाच्या चौकटीत उघडते. चौकट त्यांची, आतलं पान तुमचं.

इथे ब्राउझरचा एक जुना आणि कडक नियम लागू होतो. वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेल्या दोन पानांना एकमेकांच्या आत हात घालता येत नाही. तुमच्या पानातला कोड बाहेरच्या नकाशाची एक रेघही थेट वाचू शकत नाही, टोकन हलवणं तर लांबच. आम्ही याला वाड्यातल्या भाडेकरूची उपमा देतो. खोली तुमची. आत खाट कुठे टाकायची, कॅलेंडर कुठे लावायचं, ते तुम्ही ठरवा. पण अंगणातला नळ हलवायचा असेल तर मालकाला सांगावं लागतं.

सांगायचा मार्गही एकच आहे. ब्राउझरमध्ये पोस्ट-मेसेज नावाची सोय असते. तिच्यातून एक पान दुसऱ्या पानाला चिठ्ठी पाठवू शकतं. आउलबेअरचं एसडीके, म्हणजे त्यांनी पुरवलेला जावास्क्रिप्टचा तयार संच, आतून हेच करतं. तुम्ही ‘मला टोकनांची यादी द्या’ असं फंक्शन बोलावता, ते एक चिठ्ठी बाहेर सरकवतं, बाहेरून उत्तराची चिठ्ठी येते आणि तुमच्या हातात यादी पडते.

यातून दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहिली, प्रत्येक उत्तराची वाट बघावी लागते. जवळजवळ प्रत्येक फंक्शन प्रॉमिस देतं, त्यामुळे ‘अवेट’ विसरलात तर हातात यादीच्या जागी यादीचं नुसतं आश्वासन राहतं. दुसरी, जे मिळतं ते प्रत असते. त्या प्रतीत टोकनचं नाव बदललंत म्हणून नकाशावरचं नाव बदलत नाही. बदल करायचा तर ‘अपडेट-आयटम्स’ बोलवायचं, कुठली टोकनं ते सांगायचं आणि त्यांच्यात काय बदलायचं ते एका छोट्या फंक्शनमध्ये लिहायचं. असा रीतसर अर्ज केला तरच बदल पटावर उमटतो.

पान आत कसं येतं

हा भाग सोपा आहे, पटकन उरकू. तुमच्या वेबसाइटवर मॅनिफेस्ट नावाची एक जेसन फाइल ठेवायची. तिच्यात एक्स्टेन्शनचं नाव, त्याची आवृत्ती, मॅनिफेस्टची आवृत्ती म्हणून १ हा आकडा, आणि ‘ॲक्शन’ या नावाखाली बटणाचं शीर्षक, चिन्ह आणि बटण दाबल्यावर उघडायच्या पानाचा पत्ता. लपून चालणारं एक पार्श्वभूमीचं पान हवं असेल तर त्याचाही पत्ता इथेच द्यायचा. मग आउलबेअरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये या फाइलचा पत्ता टाकून एक्स्टेन्शन जोडायचं आणि खेळाच्या खोलीत ते चालू करायचं.

नवशिके हमखास अडतात ते इथे. स्वतःच्या संगणकावर सर्व्हर चालवून पत्ता टाकतात आणि एक्स्टेन्शन जोडलंच जात नाही. कारण आउलबेअरचं पान तुमची फाइल परक्या पत्त्यावरून वाचतंय. तुमच्या सर्व्हरने ‘हो, या पत्त्याला वाचू द्या’ असा हेडर पाठवला नाही तर ब्राउझर मध्येच अडवतो. व्हाइट वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरखाली कॉर्सची परवानगी द्या. एवढ्या एका ओळीसाठी आमची एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

आता या भागातली महत्त्वाची गोष्ट. खोलीत एक्स्टेन्शन चालू केलं की ते त्या खोलीतल्या सगळ्यांकडे चालतं. बाकीच्यांना काही जोडावं लागत नाही. म्हणजे चार जण टेबलावर असतील तर तुमच्या पानाच्या चार प्रती, चार संगणकांवर, एकाच वेळी जिवंत असतात. हे वाक्य लक्षात ठेवा. आमची शनिवारची फजिती यातूनच झाली.

दार उघडेपर्यंत थांबा

पान लोड झालं म्हणजे मालकाशी ओळख झाली असं नाही. सुरुवातीची चिठ्ठीची देवाणघेवाण व्हायला थोडा वेळ लागतो. त्याआधी एखादं फंक्शन बोलावलंत तर चूक येते. म्हणून सगळा कोड ‘ऑन-रेडी’च्या आत ठेवायचा. तुम्ही त्याला एक फंक्शन देता, दार उघडलं की ते चालवलं जातं.

पण एवढ्यावर भागत नाही. आउलबेअरमध्ये खोली वेगळी आणि सीन वेगळा. सीन म्हणजे नकाशा आणि त्यावरची टोकनं. जीएमने अजून सीन उघडलाच नसेल तर खोली आहे पण पट नाही. अशा वेळी टोकनं मागितलीत तर पुन्हा चूक. म्हणून सीन तयार आहे का हे विचारायचं, नसेल तर ‘सीन तयार झाला की कळवा’ अशी नोंद करून ठेवायची. आणि जीएम मधेच सीन बदलतो हेही ध्यानात ठेवायचं. नवा सीन आला की आपल्या पानातली जुनी यादी टाकून द्यायची, नाहीतर गुहेतले राक्षस बाजारपेठेत दिसायला लागतात.

कुठली गोष्ट कुठे ठेवायची

इथून विषयाच्या गाभ्यात शिरतो. ऑगरचे हिट पॉइंट ४६ आहेत, ही माहिती नेमकी कुठे राहते? आमच्या मते चार जागा आहेत, आणि चारींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली जागा म्हणजे तुमच्या पानातलं व्हेरिएबल. हे खिशातलं चिटोरं. फक्त त्या एका संगणकावर आणि पान उघडं असेपर्यंतच. रिफ्रेश केलं की गेलं.

दुसरी जागा मेटाडेटा. प्रत्येक टोकनला मेटाडेटा नावाचा एक कप्पा असतो, तसाच सीनला आणि खोलीलाही. यात तुम्ही स्वतःची माहिती लिहू शकता आणि ती सगळ्यांना दिसते. हा चावडीवरचा फळा समजा. उशिरा आलेल्यालाही फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं. फळा सामायिक आहे, म्हणून आपल्या नोंदीला असं नाव द्या की दुसऱ्या एक्स्टेन्शनच्या नोंदीशी टक्कर होणार नाही. स्वतःचं डोमेन नाव उलटं लिहून पुढे तिरकी रेघ देऊन नोंदीचं नाव, अशी पद्धत आहे. आणि फळा मोठा नाही. खोलीच्या मेटाडेटाला एकूण १६ किलोबाइटची मर्यादा आहे, तीही सगळ्या एक्स्टेन्शनांत मिळून. तिथे चित्रं किंवा लांबलचक वर्णनं कोंबू नका.

तिसरी जागा ब्रॉडकास्ट. खरं तर ही जागा नव्हे, हाळी आहे. ‘सेंड-मेसेज’ने एक निरोप सोडायचा, त्या क्षणी जे हजर असतील त्यांच्या पानांना तो ऐकू जातो. कुठेही साठवला जात नाही. दोन मिनिटांनी येणाऱ्याला तो कधीच कळत नाही. पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या पानाला तो ऐकू यावा की नाही, हे निरोप सोडतानाच सांगता येतं, आणि ते सांगायला विसरू नका.

चौथी जागा ब्राउझरचं लोकल-स्टोरेज. ही ज्याच्या त्याच्या घरातली ट्रंक. पण आयफ्रेममधल्या पानाला ही ट्रंक वेगळ्या कुलपाची मिळते. सफारी आधीपासून कडक होता. २०२३ मध्ये क्रोमनेही अशी साठवण बाहेरच्या वेबसाइटनुसार वेगळी करायला सुरुवात केली. म्हणजे तुमचं तेच पान वेगळ्या टॅबमध्ये थेट उघडून तिथे काही ठेवलंत, तर ते आउलबेअरच्या आतल्या पानाला सापडेलच असं नाही.

नियम साधा ठेवा. सगळ्यांना आणि नंतरही कळायला हवं ते फळ्यावर. त्या क्षणापुरतं असेल ती हाळी. आणि स्वतःच्या सोयीचं, उदाहरणार्थ खिडकीची रुंदी किंवा निवडलेला रंग, ते आपल्या ट्रंकेत.

वजाबाकी कोणी करायची

आता ऑगरकडे परत येऊ. आमची मूळ रचना अशी होती. खेळाडूने बटण दाबलं की हाळी जायची: ‘ऑगरला १३ लागले.’ पार्श्वभूमीचं पान ती ऐकायचं, फळ्यावरचा आकडा वाचायचं, १३ वजा करायचं, नवा आकडा लिहायचं. पण हे पान चार संगणकांवर होतं. चौघांनीही हाळी ऐकली आणि चौघांनीही वजाबाकी केली.

मग ५९ मधून चार वेळा १३ जाऊन ७ का नाही उरले? इथे गंमत आहे. तिघांच्या पानांना हाळी जवळजवळ एकाच क्षणी पोहोचली. तिघांनीही फळ्यावर ५९ वाचले, तिघांनीही ४६ लिहिले. तीनदा तेच लिहिलं, म्हणून फरक दिसला नाही. परदेशातल्या मित्राच्या पानाला हाळी जरा उशिरा ऐकू आली. तोवर त्याच्या फळ्यावर ४६ आलेले होते. त्याच्या पानाने ४६ मधून १३ वजा करून ३३ लिहिले. दुसऱ्या घावाच्या वेळी नेटचा वेग आणखी वेडावाकडा होता, ९ तीनदा वजा झाले. म्हणजे आकडा किती चुकणार हे इंटरनेटच्या लहरीवर होतं. चौघं एकाच खोलीत, एकाच वायफायवर बसलो असतो तर सगळं बरोबर दिसलं असतं, आणि कोड चुकीचा आहे हे आम्हाला कळलंही नसतं. अशी चूक सगळ्यात वाईट.

हिची एक जुळी बहीणही आहे. समजा प्रत्येक खेळाडूचं पान फक्त स्वतःचा घाव वजा करतं. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, एकाचा ५ चा, दुसऱ्याचा ३ चा. फळ्यावर २० होते. दोघांनी २० वाचले. एकाने १५ लिहिले, दुसऱ्याने १७. जो शेवटी लिहील त्याचा आकडा राहील. बरोबर उत्तर १२, पण ते कोणीच लिहिलं नाही. पहिल्या चुकीत एक घाव अनेकदा मोजला गेला, इथे एक घाव हरवला.

दोन्हींवर उपाय आम्हाला किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत सापडला. दुकानदार काय करतो? पहिलं म्हणजे वही त्याच्याच हातात असते. गिऱ्हाईक सांगतं, लिहितो दुकानदार. दुसरं म्हणजे तो नुसती बाकी खोडून नवी बाकी लिहीत नाही, प्रत्येक खरेदीची वेगळी ओळ लिहितो.

आमच्या नव्या रचनेत लिहिणारा एकच, जीएमचं पान. एसडीकेमध्ये खेळाडूची भूमिका विचारता येते, उत्तर जीएम किंवा प्लेअर असं येतं. भूमिका जीएम नसेल तर हाळी ऐकून पानाने गप्प बसायचं. याचा आणखी एक फायदा आहे. खेळाडूंनी कुठली टोकनं बदलायची याच्या परवानग्या आउलबेअरमध्ये खोलीनुसार ठरवता येतात. आमच्या खोलीत सगळ्यांना सगळं मोकळं होतं. आता राक्षसांची टोकनं फक्त जीएमच बदलू शकतो, तरी एक्स्टेन्शन चालतं.

आणि प्रत्येक घावाला पावती क्रमांक. बटण दाबताच खेळाडूचं पान एक यादृच्छिक क्रमांक तयार करतं आणि हाळीत जोडतं. जीएमचं पान फळ्यावर ‘अमुक क्रमांकाचा घाव, १३’ अशी ओळ लिहितं. तो क्रमांक आधीच लिहिलेला असेल तर काही करत नाही. उरलेले हिट पॉइंट साठवायचेच नाहीत. मूळ ५९ मधून सगळ्या ओळींची बेरीज वजा करून ते दर वेळी मोजायचे. जीएमने चुकून दोन टॅब उघडे ठेवले तरी तो घाव दोनदा मोजला जात नाही. भांडण झालं तर वहीच दाखवता येते, कोणी किती मारले ते. लढाई संपली की ओळी मिटवून टाकायच्या, फळा लहान आहे.

एक पथ्य मात्र आहे. खेळाडूच्या पानाने बटण दाबल्याबरोबर ‘नोंद झाली’ असं दाखवू नये. जीएमचं नेट गेलेलं असेल तर हाळी हवेत विरते. आपला पावती क्रमांक फळ्यावर दिसला, तेव्हाच ‘झाली’ म्हणायचं. तोवर बटण करडं ठेवायचं आणि काही सेकंदांत नोंद दिसली नाही तर त्याच क्रमांकाने पुन्हा हाळी द्यायची. क्रमांक तोच असल्यामुळे दुबार मोजणीची भीती नाही.

स्वतःच्याच आवाजाला ओ देऊ नका

फळ्यावर काही बदललं की कळावं म्हणून ‘ऑन-चेंज’ आहे. तुम्ही नोंद करून ठेवली की पटावर बदल होताच तुमचं फंक्शन चालतं आणि त्याला ताजी यादी मिळते. पण त्या फंक्शनच्या आत तुम्ही पुन्हा फळ्यावर लिहिलंत तर तोही बदलच. पुन्हा ऑन-चेंज, पुन्हा लिहिणं. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीला उत्तर देत बसण्यासारखं. उदाहरणार्थ, हिट पॉइंट शून्य झाले की टोकन आडवं करायचं. आधी बघा, ते आडवं आहे का. असेल तर लिहू नका. आणि हेही काम एकाच पानाने करायचं, चौघांनी नाही.

पडदा म्हणजे कुलूप नव्हे

आता थोडं नाजूक. राक्षसाचे हिट पॉइंट खेळाडूंना कळू नयेत अशी जीएमची इच्छा असते. आम्ही भूमिका तपासून तो आकडा खेळाडूंच्या पानावर दाखवत नव्हतो आणि समाधानात होतो. पण फळा सगळ्यांच्या संगणकावर पोहोचलेला असतो. ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडून किंवा मेटाडेटा दाखवणारं दुसरं एक्स्टेन्शन लावून कोणीही तो वाचू शकतो. आम्ही फक्त पडदा सोडला होता, दाराला कुलूप नव्हतं.

मित्रांच्या खेळात पडदाही पुरतो, तो सरकवायचा नाही एवढा संकेत असतोच. पण खरोखर गुपित असेल, म्हणजे खुनी कोण, खजिना कुठल्या खोलीत, तर ते फळ्यावर लिहूच नका. जीएमच्या ट्रंकेत ठेवा, नाहीतर सरळ कागदावर. कागद अजूनही उत्तम आहे.

उलट बाजूने येणारा धोकाही बघा. हाळीतून किंवा फळ्यावरून आलेला प्रत्येक मजकूर दुसऱ्याने लिहिलेला असतो. एखाद्याने टोकनच्या नावात एचटीएमएलचा तुकडा टाकला आणि तुमच्या पानाने तो ‘इनर-एचटीएमएल’ने जसाच्या तसा दाखवला, तर त्यातला कोड तुमच्या पानात चालू शकतो. म्हणून परक्याचा मजकूर नेहमी ‘टेक्स्ट-कंटेंट’ने दाखवा. मग तो कोड म्हणून चालत नाही, नुसती अक्षरं म्हणून दिसतो.

मराठी आकड्यांचा खोडा

एक खास आपल्याकडची अडचण. आमच्यातला एक जण फोनवर मराठी कीबोर्ड लावून खेळतो. त्याने मजकुराच्या खोक्यात मराठी अंकांत १२ टाकले आणि हिट पॉइंटच्या जागी ‘हा आकडा नाही’ अशा अर्थाची ती कुप्रसिद्ध तीन अक्षरं आली. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही, ‘पार्स-इंट’ही नाही. एकदा ती तीन अक्षरं बेरजेत शिरली की पुढची सगळी बेरीज नासते.

उपाय चार ओळींचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक दशमान मोजणीत २४०६ आणि नऊचा २४१५. आलेल्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर तपासायचं, त्याचा क्रमांक या दोन्हींच्या दरम्यान असेल तर त्यातून २४०६ वजा करायचे, खरा अंक मिळतो. मग तो मजकूर ‘नंबर’कडे द्यायचा आणि तरीही आकडा निघाला नाही तर घाव पाठवूच नये. मराठी वापरणाऱ्यांसाठी काहीही लिहीत असाल, खेळ असो वा हिशेबाचं पान, ही तपासणी ठेवाच.

तपासायचं कसं

आमची खरी चूक एकट्याने, एकाच खिडकीत तपासण्याची होती. आता आम्ही निदान तीन खिडक्या उघडतो. एक जीएमची, एक दुसऱ्या ब्राउझरमध्ये खेळाडूची, एक खासगी खिडकीत दुसऱ्या खेळाडूची. मग एका खिडकीत डेव्हलपर साधनांच्या नेटवर्क भागात जाऊन नेटचा वेग मुद्दाम कमी करतो. दोन खिडक्यांत बटण पाठोपाठ दाबतो. मधेच एक खिडकी रिफ्रेश करतो. जीएमची खिडकी बंद करून बटण दाबतो. यातून आकडा बरोबर निघाला तरच शनिवारी टेबलावर न्यायचं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: एक्स्टेन्शन ठेवायला पैसे देऊन सर्व्हर घ्यावा लागतो का?

नाही. पानं आणि मॅनिफेस्ट नुसत्या फाइली आहेत, त्या देणारी कुठलीही जागा चालते. आम्ही गिटहब पेजेस वापरतो, तिथून परक्या पत्त्याला वाचायची परवानगी आपोआप जाते. फक्त ती जागा ‘मला चौकटीत उघडू नका’ असा हेडर पाठवत नाही ना, ते बघून घ्या. तसा हेडर असेल तर आयफ्रेम रिकामी दिसते.

प्रश्न: हेच ज्ञान दुसऱ्या ॲपमध्ये चालेल का?

फंक्शनांची नावं बदलतील, प्रश्न तेच राहतील. मॅपटूल हे जावामध्ये लिहिलेलं संगणकावरचं ॲप आहे, त्यात एचटीएमएलच्या चौकटी उघडता येतात आणि त्यातल्या जावास्क्रिप्टला ॲपशी बोलायला एक पूल दिलेला असतो. फाउंड्रीमध्ये तर मॉड्यूल मुख्य पानातच चालतं, मध्ये भिंतच नाही. तिथे भाडेकरूला अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या मिळतात. सोय जास्त, तशी नासधूस करायची ताकदही जास्त. पण प्रती अनेक आणि फळा एक, हे तिन्हीकडे आहे. वजाबाकी कोणी करायची हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

प्रश्न: एखाद्या खेळाडूने खोटी हाळी पाठवली तर?

पाठवू शकतो. ज्याला ब्राउझरची साधनं वापरता येतात तो ‘मी ५० मारले’ असं सांगू शकतो. जीएमच्या पानाने आकडा शक्य आहे का ते तपासावं आणि मोठा असेल तर जीएमला विचारावं. तेवढं आमच्यासारख्या चौघांना पुरतं. ज्या खेळात पैसे लावलेले आहेत तिथे असं एक्स्टेन्शन वापरू नका.

प्रश्न: त्या मित्राचं पुढे काय झालं?

पुढच्या शनिवारी खेळ सुरू करण्याआधी आम्ही तीन खिडक्या उघडून चूक सगळ्यांना दाखवली. एकदाच दाबलेल्या बटणाने दोनदा वजाबाकी कशी होते, ते त्याने स्वतः दाबून बघितलं. दोघांनी त्याची माफी मागितली आणि त्या संध्याकाळचा चहा आमच्याकडून झाला. आमच्या कोडने एका सरळ माणसाला लबाड ठरवलं होतं, ही गोष्ट आम्हाला अजून टोचते. म्हणून नवीन एक्स्टेन्शन लिहायला बसलो की पहिल्या कागदावर आम्ही आधी एकच प्रश्न लिहितो: हे फळ्यावर कोण लिहिणार? तुम्हीही घरी तेवढं करून बघा, आणि मग कोड उघडा.